अँटासिड आणि ओमेप्राझोल: ‘ॲसिडिटीची गोळी’ म्हणून दोन्ही एकाच डब्यात टाकू नका

अँटासिड सगळ्यांना माहीत असतं. जळजळलं की घ्यायचं. पोटात तयार असलेलं आम्ल मारलं जातं, काही मिनिटांत बरं वाटतं, थोड्या वेळाने असर ओसरतो. मॅग्नेशियमवालं जास्त झालं तर जुलाब, ॲल्युमिनियमवाल्याने बद्धकोष्ठ. झालं.

एन्डोस्कोपीत अन्ननलिकेला सूज आणि व्रण दिसले, ओमेप्राझोल किंवा पँटोप्राझोल लिहून मिळालं, की घोळ सुरू होतो. लोक तीही तशीच वापरतात: जळजळलं की एक, जेवण जड झालं की एक. मग ‘गुणच येत नाही’ ही तक्रार. मला याचा खरोखर त्रास होतो, कारण औषध बहुतेकदा बरोबर असतं, वेळ चुकलेली असते.

ही गोळी साठलेल्या आम्लाला हातही लावत नाही. ती आतड्यातून रक्तात उतरते, जठराच्या अस्तरातल्या पेशींपर्यंत पोचते आणि तिथले आम्ल सोडणारे पंप बंद पाडते. तेही फक्त चालू असलेले. रात्रभराच्या उपासानंतर बहुतेक पंप थंड असतात. खाणं सुरू झालं की ते कामाला लागतात. औषध रक्तात टिकतं काही तासच. म्हणून नाश्त्याच्या 30 ते 60 मिनिटं आधी. ‘उपाशीपोटी घ्या’ एवढंच लक्षात ठेवून गोळी घ्यायची आणि दुपारपर्यंत काही खायचंच नाही, तर डोस जवळजवळ वाया. शिवाय रोज नवे पंप तयार होत असल्याने पूर्ण परिणामाला काही दिवस लागतात. त्या दिवसांत मध्ये अँटासिड घ्यायला सहसा हरकत नसते.

जळजळ थांबली की गोळी बंद करणं ही दुसरी खोड. व्रण भरायला साधारण 8 आठवडे द्यावे लागतात, आणि दाह तीव्र असेल तर पुढेही औषध चालू ठेवावं लागतं. ते डॉक्टरांनी ठरवायचं. रात्रीचं जेवण झोपण्याआधी दोन-तीन तास आणि पलंगाची डोक्याकडची बाजू उंच, हे सोबत हवंच. नुसत्या जादा उशीने मान वाकते, पोट दाबलं जातं.

घास अडकत असेल, वजन घटत असेल, उलटीत रक्त किंवा काळी शौच दिसली, तर दोन्हींपैकी कशावरही थांबू नका. लगेच डॉक्टर गाठा.