गाभण मेंढीच्या खुराकातील मेदाम्ले : पार्श्वभूमी

दिवाळीनंतर घाटावरचे धनगर कळप घेऊन कोकणात उतरतात. भातकापणी झालेल्या खाचरांत मेंढ्या बसवायच्या, खत शेतकऱ्याला आणि बदल्यात भात धनगराला, हा जुना व्यवहार. कळपात गाभण मेंढ्याही असतात. मेदाम्ले म्हणजे चरबीचे घटक; त्यांतली ओमेगा-3 हा असंतृप्त प्रकार मेंढीला मिळतो तो मुख्यतः हिरव्या पाल्यातून. गवत वाळत गेले की ही मेदाम्ले घटतात, पेंढ्यात तर नावालाच उरतात. खोबऱ्याच्या पेंडीतली चरबी बहुतांशी लॉरिक आम्लाची, म्हणजे संतृप्त मेदाम्लाची, ती ही उणीव भरत नाही. तारलीसारखी तेलकट मासळी मात्र किनाऱ्यावरच उतरते, म्हणून तिचे तेल पाजावे का, असा प्रश्न निघतो.

काही मेदाम्ले शरीराला बनवता येत नाहीत, ती आहारातूनच लागतात, हे अमेरिकेत जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर यांनी 1929 मध्ये उंदरांवर दाखवले. मेंढीची अडचण वेगळी. 1951 च्या सुमारास संशोधक रायझर यांच्या कामातून दिसले की मेंढीच्या चार कप्प्यांच्या पोटापैकी पहिल्या पोटातले जंतू असंतृप्त मेदाम्लांना हायड्रोजन जोडून ती संतृप्त करतात. मटणाची चरबी गार होताच थिजते ती यामुळेच. म्हणजे तोंडात घातलेले तेल कोकरापर्यंत तसेच पोहोचत नाही, आणि पुढचे बरेचसे संशोधन या एकाच अडथळ्याभोवती फिरले.

1970 मध्ये ऑस्ट्रेलियातील स्कॉट आणि सहकाऱ्यांनी तेलाच्या थेंबांवर फॉर्मल्डिहाइडने पक्क्या केलेल्या केसिनचे (दुधातल्या प्रथिनाचे) आवरण चढवले. ते पहिल्या पोटात टिकते, चौथ्या पोटातल्या आम्लात सुटते. 1980 च्या दशकात ओहायोत पामक्विस्ट आणि जेंकिन्स यांनी मेदाम्लांचे कॅल्शियम क्षार, म्हणजे कॅल्शियमशी बांधलेली मेदाम्ले, पुढे आणले. ते सोपे, पण पहिल्या पोटाचा सामू (पीएच) 6 च्या खाली गेला, म्हणजे आम्लता वाढली, की फुटतात. एकदम भरपूर धान्य चारल्याने पोट आम्ल होते, तेव्हा ते वाया जातात.

कोकराकडे लक्ष त्यानंतर वळले. 2000 नंतर ब्रिटनमधील प्रयोगांत माशाचे तेल दिलेल्या मेंढ्यांची कोकरे लवकर सडाला लागली, पण आईच्या दुधातली चरबी घटली. ही किंमत लहान नाही, कारण गारठ्यात नवजात कोकराला ऊर्जा पुरवते ती चीक-दुधातली चरबीच. ओहायोत पुढे गाभणपणाच्या शेवटच्या 50 दिवसांत कॅल्शियम क्षार देऊन कोकरांची वाढ तपासली गेली. मात्रा शुष्क आहाराच्या (पाण्याचा अंश वगळून) साधारण 1 टक्क्यापर्यंत होती. 30 किलोची मेंढी दिवसाला किलोभर शुष्क चारा खाते असे धरले, तर हे 10 ग्रॅम होतात.

एकूण चरबी शुष्क आहाराच्या 6 टक्क्यांवर गेली की तंतुमय चारा नीट पचत नाही, आणि पेंढ्यावर जगणाऱ्या मेंढीला तोच फटका सर्वांत जड. म्हणून तारलीचे कच्चे तेल पाजू नये. मुशीच्या यकृताचे तेल तर मुळीच नको, त्यात अ जीवनसत्त्व फार असते. कॅल्शियम क्षार द्यायचे तर ते थोड्या पेंडीत मिसळून हळूहळू वाढवावेत, जोडीला ई जीवनसत्त्व द्यावे, कारण ही मेदाम्ले हवेने आणि शरीरातही लवकर खवट होतात.