प्रोजेक्टचा विषय ठरवताय? आधी साधनं बघा (बीए ऑनर्सच्या विद्यार्थ्यांसाठी)

नमस्कार! इतिहास, मराठी, समाजशास्त्र, राज्यशास्त्र घेऊन बीए करणारी मुलं-मुली आमच्याकडे प्रोजेक्टच्या मार्गदर्शनाला येतात, त्यांच्यासाठी आणि त्यांच्या आईवडलांसाठीही हे पत्रक काढलंय. आधीच एक गोष्ट क्लिअर करतो, आम्ही प्रोजेक्ट लिहून देत नाही, कितीही पैसे दिले तरी नाही. लिहायचं तुम्हीच. आम्ही तुमच्यासोबत बसून वाचतो, अडलं तिथे मार्ग दाखवतो, आणि तुमचे गाईड सर किंवा मॅडम जे सांगतील ते फायनल, त्यात आम्ही पडत नाही.

नवीन शैक्षणिक धोरणात चौथ्या वर्षाला रिसर्चवाला ऑनर्स घेतला की 12 क्रेडिटचा प्रोजेक्ट असतो. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2022 च्या आराखड्यात पहिल्या सहा सेमिस्टरना मिळून 75 टक्के असणाऱ्यांना हा रस्ता दिलाय, बाकी नियम तुमच्या विद्यापीठाचे आणि कॉलेजचे, ते ऑफिसात जाऊन लेखी घ्या, व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतं त्यावर जाऊ नका. तीन वर्षं नोट्स वाचून पेपर लिहायची सवय झालेली असते आणि इथे एकदम कुणीतरी विचारतं की तुझा प्रश्न काय, तर गोंधळायला होणारच.

बहुतेक गाडी अडते ती विषयावर. "1972 चा दुष्काळ : एक अभ्यास" असं टायटल घेऊन मुलं येतात. अख्ख्या महाराष्ट्राचा दुष्काळ एका वर्षात एका माणसाच्याने होणार नाही, मग शेवटी चार पुस्तकांतले उतारे जोडले जातात आणि व्हायवाला पहिल्याच प्रश्नाला गप्प बसावं लागतं. म्हणून आमचा आग्रह असा की विषय नंतर, आधी हाताला काय लागतंय ते बघा, म्हणजे माणसांच्या आठवणी, कागदपत्रं, जुने पेपर अशी साधनं.

समजा तुमची आजी बहात्तरला दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. तिच्या वयाच्या आणखी आठ-दहा बायका गावात असतील, हे केवढं मोठं साधन आहे! पण तिला "दुष्काळाचे काय परिणाम झाले" असं विचारलंत तर ती म्हणेल "लई हाल झाले बाळा" आणि मुलाखत संपली. त्याऐवजी विचारा, घरातून किती वाजता निघायचात, तान्हं पोर कुणापाशी ठेवायचात, मिलोच्या (बाहेरून आलेल्या लाल ज्वारीच्या) भाकरीला चव कशी होती, सुकडी (दुष्काळात वाटलेला पौष्टिक कोरडा खाऊ) कुठे वाटायचे, आठवड्याची मजुरी कुणाच्या हातात पडायची. या शेवटच्या प्रश्नावर बायका थांबतात, एकमेकींकडे बघतात आणि मग बोलायला लागतात. तुमचा विषय तिथेच आहे: दुष्काळी कामावरची बायकांची मजुरी आणि घरात त्या मजुरीवरचा त्यांचा हक्क, एक गाव, दोन वर्षं. बास, एवढाच. मुलाखत रेकॉर्ड करायच्या आधी परवानगी विचारा आणि नाव छापायचं का तेही विचारा.

मग त्याला कागदाचा आधार शोधा. 1971 च्या जनगणनेची जिल्हा पुस्तिका, जिल्हा गॅझेटियर, तालुक्याच्या वाचनालयातल्या जुन्या पेपरच्या फाइली. बोलण्यात बायका सरसकट सगळ्याच कामाला "रोजगार हमी" म्हणतात, पण रोजगार हमीचा कायदा 1977 चा आणि तो लागू झाला 26 जानेवारी 1979 पासून, म्हणजे आजी ज्या कामाबद्दल बोलतेय ते कुठल्या वर्षीचं हे तुम्हालाच लावून घ्यावं लागतं. असं काही सापडलं की ते चुकीचं म्हणून खोडू नका, त्यावर दोन पानं लिहा. संशोधन म्हणतात ते हेच.

पेशवाईवर काम करायचं अनेकांच्या मनात असतं. पुण्याच्या पुरालेखागारात पेशवे दफ्तर, म्हणजे पेशव्यांच्या कारभाराची कागदपत्रं आहेत, पण ती बहुतेक जुन्या मोडी लिपीत आहेत, आणि मोडी वाचायला हात बसेपर्यंत काही महिने जातात. तेवढा वेळ असेल तर जरूर शिका, नसेल तर छापील साधनांवर विषय घ्या. मराठीवाल्यांना आम्ही जुनी नियतकालिकं सुचवतो, उदाहरणार्थ डॉ. आंबेडकरांनी 31 जानेवारी 1920 ला काढलेल्या मूकनायक या पाक्षिकाचे अंक, त्यातला एकच धागा धरायचा, सगळे अंक कव्हर करायला जायचं नाही.

रेफरन्स शेवटी लिहू म्हणणाऱ्यांचे शेवटचे दिवस फार वाईट जातात. मोबाइलवर पानाचा फोटो काढताना पुस्तकाच्या टायटल पेजचाही काढा, पेपर असेल तर तारीख फोटोत आली पाहिजे. चॅटजीपीटीने दिलेलं पुस्तकाचं नाव लायब्ररीत सापडलं तरच वापरा, कारण ते अस्तित्वात नसलेली पुस्तकं अगदी पान नंबरासकट देतं. यूजीसीच्या 2018 च्या नियमांत दुसऱ्याच्या लिखाणाशी साधर्म्य (जुळणारा मजकूर) 10 टक्क्यांपर्यंत चालतं, पण म्हणून नऊ टक्के उचलायचे असं नाही, दुसऱ्याचं वाक्य घेतलं की अवतरण आणि नाव आलंच पाहिजे.

टायपिंग युनिकोडमध्येच करा. जुन्या फॉन्टमधली फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली की जोडाक्षरं फुटतात, आणि ते आदल्या रात्री बायंडिंगच्या दुकानात कळतं.

पहिली भेट फ्री आहे. येताना कॉलेजचं नियमाचं पत्रक, गाईडने काही लिहून दिलं असेल तर ते, आणि तुम्ही स्वतः बघितलेली किंवा ऐकलेली दोन-तीन साधनं एका कागदावर लिहून आणा. विषय ठरलेला नसला तरी चालेल. सबमिशनला पंधरा दिवस उरलेत आणि एकही पान लिहिलेलं नाही अशा वेळी मात्र आमच्याकडे येण्याआधी गाईडकडे जा आणि मुदत वाढवून मिळते का ते विचारा.