सिनेमाची पाठशुद्धी

व्हीसीआरच्या काळात ज्यांनी जुने चित्रपट घरच्या टीव्हीवर पाहिले, त्यांच्या कानावर त्यातली गाणी बहुतेक वेळा मूळ पट्टीपेक्षा चढीच पडली. यात ना गायकाचा दोष, ना टेपचा. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी चालतो आणि आपल्याकडची पाल पद्धतीची टीव्ही यंत्रणा सेकंदाला २५ चौकटी दाखवते. फिल्म टेपवर उतरवताना सगळ्यात सोपी वाट म्हणजे फिल्मच २५ च्या वेगाने पळवायची. मग तीन तासांचा चित्रपट सात मिनिटं आधी संपतो आणि आवाज चार टक्क्यांनी वर चढतो. पेटीवर पांढरी एक आणि काळी एक यांच्यात जेवढं अंतर असतं, त्याच्या साधारण सत्तर टक्के. पेटी पुढ्यात घेऊन बसलेल्याला हे चटकन कळतं. बाकीच्यांना फक्त ‘रेकॉर्डवर हेच गाणं निवांत वाटतं’ एवढं जाणवतं.

जुन्या चित्रपटांची हौसेने डागडुजी करणारी माणसं जगभर आहेत. हातात सापडलेल्या प्रतीचा वेग आधी तपासायचा, हा त्यांचा पहिला धडा. तिथून पुढचं काम मात्र वेळखाऊ आहे. तीन तासांचा चित्रपट म्हणजे ३५ मिमी फिल्मची १६,२०० फूट लांबी, जवळजवळ पाच किलोमीटर. त्यावर २,५९,२०० चौकटी, आणि प्रत्येकीची दुखणी वेगळी.

खानदेशात हा विषय निघाला की भुसावळचं नाव येतंच. चित्रपटधंद्याच्या नकाशावर आपण सीपी-बेरार, म्हणजे जुना मध्य प्रांत आणि वऱ्हाड, या भागात मोडतो, आणि या भागातल्या वितरकांची सेंट्रल सर्किट सिने असोसिएशन ही संघटना भुसावळची. रेल्वेचं मोठं जंक्शन, त्यामुळे रिळांच्या पेट्यांची ने-आण सोयीची. मोठ्या शहरांत चालून चालून दमलेली प्रिंट मग तालुक्याच्या टॉकीजला लागायची आणि शेवटी सारंगखेड्यासारख्या जत्रेतल्या तंबूत. फिल्म तुटली की ऑपरेटर दोन-चार चौकटी कापून टोकं जोडायचा आणि खेळ पुढे चालू. तेवढ्या चौकटी त्या प्रिंटमधून कायमच्या गेल्या. पण दुसऱ्या गावात फिरलेली प्रिंट दुसरीकडे तुटलेली असते. म्हणून दोन फाटक्या प्रिंटमधून एक धड चित्रपट उभा राहू शकतो. हजार फुटांचं एक रीळ अकरा मिनिटं चालतं. त्याची दोन्ही टोकं सगळ्यात जास्त हाताळली जातात आणि म्हणून सगळ्यात जास्त झिजतात. एखाद्या प्रसंगाच्या ऐन मोक्याला चित्र उडी मारत असेल, तर तिथे बहुधा रीळ बदलत होतं असं समजावं.

प्रिंटवरचे ओरखडेसुद्धा वाचता येतात. रंगीत प्रिंटमध्ये रंगांचे तीन थर असतात: सगळ्यात वर किरमिजी, मधे सायन म्हणजे निळसर हिरवा, आणि तळाशी पिवळा. वरवरचा ओरखडा फक्त किरमिजी थर खरवडतो, म्हणून पडद्यावर हिरवी रेघ दिसते. तो आणखी खोल गेला की सायनही जातो आणि रेघ पिवळी होते. तिन्ही थर गेले की पांढरी. फिल्मच्या मागच्या, गुळगुळीत बाजूला ओरखडा असेल तर रंगाला धक्का लागत नाही, फक्त प्रकाश वाकडा जातो आणि रेघ काळी दिसते. या काळ्या रेघेवर इलाज सोपा. फिल्मच्या प्लास्टिकइतकाच प्रकाश वाकवणाऱ्या द्रवात भिजवून फिल्म स्कॅन केली की ओरखडा द्रवाने भरतो आणि दिसेनासा होतो. हिरव्या रेघेखाली मात्र दोन थर शाबूत असतात. संगणकाला फक्त हरवलेला किरमिजी अंश आजूबाजूच्या चौकटींवरून आणून द्यावा लागतो.

रंग उडण्याचं रसायन याहून चिवट. १९५० नंतर आलेल्या ईस्टमनकलर पद्धतीच्या कित्येक प्रिंटमध्ये सायन रंग सगळ्यात आधी विटतो, डबा अंधारात बंद असला तरीही. म्हणून जुनी प्रिंट लालसर गुलाबी दिसते. सायन गेला म्हणजे चित्रातल्या लाल प्रकाशाची नोंद पुसट झाली. ती पाचपट ठळक केली तर तिच्यातले दाणे, म्हणजे ज्या बारीक कणांनी फिल्मवर चित्र उमटतं तेही, पाचपट ठळक होतात, आणि सावल्यांमध्ये मुंग्या फिरू लागतात. टेक्निकलरच्या जुन्या प्रिंटमध्ये रंग छापखान्यासारखे एकावर एक दाबून बसवलेले असत. ते पक्के. त्यामुळे अशी एखादी प्रिंट हाती लागली की हौशी मंडळी तिला रंगांचा पुरावा मानतात.

फिल्मचा पायाच कुजणं हा तिसरा आजार. ॲसिटेट या प्लास्टिकच्या फिल्ममधून ॲसिटिक आम्ल, म्हणजे शिरक्यातलं आम्ल, सुटतं आणि तेच आम्ल कुजण्याचा वेग वाढवतं. हे चक्र एकदा सुरू झालं की थांबत नाही. २१ अंश तापमान आणि ५० टक्के आर्द्रता असेल, तर नव्या फिल्मला हा रोग जडायला साधारण ४० वर्षं लागतात असं मानतात. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या आसपास असतो. पत्र्याखालच्या खोलीतल्या डब्यांना ४० वर्षं मिळण्याचा प्रश्नच नाही.

मग पुष्कळदा हाती उरते फक्त व्हीएचएस टेप. आता गणित कामाला येतं. टेपवरचं चित्र म्हणजे खरं चित्र अधिक गोंगाट. खरं चित्र प्रत्येक प्रतीत तेच, गोंगाट प्रत्येक वेळी वेगळा. चार प्रती एकावर एक ठेवून सरासरी काढली तर गोंगाट निम्मा होतो, नऊ प्रतींची काढली तर एक तृतीयांश. प्रतींच्या संख्येच्या वर्गमुळाने तो उतरतो. टेपवरची चुंबकीय भुकटी जिथे झडते तिथे पांढरे फरकाटे येतात. त्यांच्यासाठी सरासरी उपयोगाची नाही, मध्यक घ्यावा लागतो. तीन प्रतींपैकी दोन जे सांगतात ते धरायचं आणि तिसरीचा फरकाटा सोडून द्यायचा. एक मेख आहे. एकच टेप तीनदा चालवून सरासरी काढली तर फक्त त्या व्हीसीआरने घातलेला गोंगाट कमी होतो. टेपमध्येच मुरलेला कायम राहतो, कारण तो तिन्ही वेळा सारखाच येतो. वेगळ्या टेप हव्यात, वेगळ्या घरांतल्या.

इथे मला धुळं आठवतं. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ मध्ये धुळ्यातच वारले आणि त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ तिथेच उभं राहिलं. तिथेच शंकरराव देवांनी जमवलेल्या रामदासी पोथ्यांचं समर्थ वाग्देवता मंदिर आहे. पोथ्या पाहणारा माणूस हेच करतो. पाच पोथ्या समोर ठेवतो. एकीत चुकलेली ओळ बाकीच्या चारींत बरोबर असते. पण पाचही पोथ्यांत तीच चूक सापडली तर ती लेखनिकांची नव्हे, ज्या पोथीवरून सगळ्या उतरल्या तिची. फिल्मच्या दाण्यांचंही तसंच आहे. अनेक प्रिंट एकत्र केल्या की प्रत्येक प्रिंटचे दाणे विरून जातात, पण मूळ निगेटिव्हचे दाणे सगळ्या प्रिंटमध्ये सारखेच उतरलेले असल्याने शिल्लक राहतात. ते राहायलाच हवेत. चित्र त्या दाण्यांचंच बनलेलं आहे. राजवाड्यांनी ज्ञानेश्वरीची जी जुनी पोथी १९०९ मध्ये छापली, तिच्यावर नंतर खूप वाद झाले. वाद होऊ शकले, कारण कुठली पोथी, कुठला पाठ हे उघड होतं.

आणि त्याच्याही आधी, शके १५०६ मध्ये, ज्ञानेश्वरी शुद्ध करून झाल्यावर एकनाथांनी बजावून ठेवलं होतं: यात जो स्वतःची ओवी घालील, त्याने अमृताच्या ताटात करवंटी ठेवली. हौशी डागडुजीचा सगळा झगडा या एका ओळीत आहे. चूक कुठे दुरुस्त केली आणि ओवी कुठे घुसडली?

यंत्रबुद्धीने (एआयने) ‘फोर-के’ केलेली जुनी गाणी आज ढिगाने दिसतात. त्यांच्याबद्दल माझं मत चांगलं नाही. कारण साधा हिशेब. व्हीसीडीवरच्या चौकटीत ३५२ गुणिले २८८, म्हणजे लाखभर ठिपके असतात. फोर-के चौकटीत ८३ लाख. म्हणजे दर ८२ ठिपक्यांमागे एक खरा आणि ८१ यंत्राने रचलेले. हे यंत्र लाखो चित्रांवरून शिकलेलं असतं: अंधुक डोळा दिसला की ठळक डोळा साधारण कसा असतो, हे त्याला ठाऊक. पण तो नटीचा डोळा नव्हे, सरासरी डोळा. मागच्या दुकानाच्या पाटीवर तर फजिती उघडी पडते. अक्षरांसारखं काहीतरी ठळक उमटतं, पण कुठल्याच लिपीतलं नसतं. दाणे पुसून चेहरे मेणचट करायचे आणि २४ च्या ६० चौकटी करून हालचाल गुळगुळीत करायची, हेही आलंच. सेकंदाला ६० चौकटी सारख्या अंतराने मांडल्या तर त्यांतल्या फक्त १२ मूळ चौकटींच्या वेळेशी जुळतात. उरलेल्या ४८ कुठल्याच कॅमेऱ्याने टिपलेल्या नाहीत. जळगावहून दोनेक तासांत गाठता येणाऱ्या अजिंठ्यात गेल्या शतकात इटालियन तज्ज्ञांनी चित्रं टिकावीत म्हणून वर लाखेचा लेप दिला होता. तो पुढे पिवळा पडला आणि पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना तो काढत बसावं लागलं. संगणकात एवढी सोय आहे की मूळ स्कॅन जपला तर लेप कधीही काढता येतो. बहुतेक जण तो जपत नाहीत.

याच्या उलट टोकाला ‘स्टार वॉर्स’चे चाहते आहेत. १९७७ च्या या चित्रपटात दिग्दर्शक जॉर्ज लुकास यांनी १९९७ मध्ये संगणकावर बनवलेली नवी दृश्यं घातली आणि पुढे तीच आवृत्ती अधिकृत ठरली. चित्रगृहात लोकांनी जो चित्रपट पाहिला होता, तो चांगल्या दर्जात मिळेनासा झाला. तेव्हा एका झेक चाहत्याने ब्लू-रे, जुन्या डिस्क आणि फिल्मचे स्कॅन असं मिळेल तिथून चौकटी जमवून ‘डिस्पेशलाइज्ड एडिशन’ जुळवली. नंतर दुसऱ्या एका गटाने १९७७ ची प्रिंटच सरळ स्कॅन केली. गंमत पाहा, इथे घुसडलेली ओवी खुद्द कवीची होती आणि ती काढायला निघाले वाचक. या मंडळींनी कुठला तुकडा कुठून घेतला हे सांगून ठेवलं आहे. मोठ्या कंपन्या डिस्कच्या वेष्टनावर ‘रिस्टोअर्ड’ छापतात आणि गप्प बसतात.

पुनर्संपादनाचा प्रकार वेगळा, आणि तो मला उघडपणे केलेला असेल तर खटकत नाही. ‘स्टार वॉर्स’ मालिकेतल्याच १९९९ च्या ‘फँटम मेनेस’मधून जवळपास २० मिनिटं काढून एका संपादकाने केलेली ‘फँटम एडिट’ ही आवृत्ती गाजली. आपण तर कात्री न लावताही पुनर्संपादन करतो: प्रसिद्ध प्रसंगांवर अहिराणी संवाद चढवणं हा खानदेशातला मोबाइलवरचा आवडता उद्योग आहे. त्यामागचं विज्ञान मात्र हल्लीचं. संवाद आणि पार्श्वसंगीत एकाच ध्वनिपट्टीत मिसळलेलं असतं. २०१९ मध्ये इंटरनेटवरून गाणी ऐकवणाऱ्या डीझर कंपनीने खुली केलेली स्प्लीटर प्रणाली ध्वनीचा काळ आणि कंपनसंख्या यांचा नकाशा काढते, त्यातल्या कुठल्या चौकोनात मानवी आवाज आहे याचा अंदाज बांधते आणि तेवढा वेगळा करते. त्यामुळे खलनायक अहिराणीत दम भरत असताना मागचा तबला जागच्या जागी राहतो. मूळ कुणी विसरत नाही, म्हणून फसवणूकही होत नाही. (मालेगावकरांनी २००० साली अख्खा ‘शोले’च आपल्या पद्धतीने नव्याने केला, पण तो वेगळ्याच हिमतीचा प्रकार.)

खऱ्या ‘शोले’ची कथा या सगळ्याला जोडणारी आहे. मूळ शेवटात ठाकूर गब्बरला ठार करतो. १९७५ मध्ये सेन्सॉरने तो बदलायला लावला आणि पोलीस आले. पण मूळ शेवट व्हिडिओ कॅसेटवर रसिकांमध्ये पूर्वीपासून फिरत होता, अंधुक का होईना. जुने चित्रपट जपणाऱ्या फिल्म हेरिटेज फाउंडेशन या संस्थेने पुनरुज्जीवनाचं काम हाती घेतलं तेव्हा मूळ निगेटिव्ह त्याच आम्लाच्या रोगाने खराब झालेली होती. पुढच्या पिढीच्या प्रतींवरून काम झालं आणि २०२५ मध्ये इटलीत बोलोन्याच्या महोत्सवात चित्रपट मूळ शेवटासह दाखवला गेला. जुनी कॅसेट जपणारे वेडे नव्हते.

कायद्याचं थोडक्यात. भारतात चित्रपटाचा हक्क प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं असतो. म्हणजे १९६४ चे चित्रपट २०२४ अखेर मोकळे झाले. त्यांतली गाणी आणि कथा यांचे हक्क मात्र स्वतंत्र असतात, ते वेगळे तपासावे लागतात.

घरातल्या माळ्यावर जुनी टेप असेल तर आधी ती खाली, गार कोरड्या कपाटात आणा. टेपच्या कडेला पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी आहे. तशीच व्हीसीआरमध्ये घातली तर ती यंत्राला लागते आणि पुढच्या प्रत्येक टेपला. रिबिन चिकट लागत असेल तर ओढू नका, जाणकाराकडे द्या. संगणकात उतरवताना रंग, तीक्ष्णता, काहीही सुधारू नका. न दाबलेली (अनकॉम्प्रेस्ड) नोंद तासाला ७५ जीबीच्या आसपास जाते; एफएफव्ही-वन हा व्हिडिओ साठवण्याचा प्रकार काहीही न गमावता ती बरीच आटोक्यात आणतो. शेजारी साध्या मजकुराची एक फाइल ठेवा: टेप कुणाकडची, चालवली कुठल्या व्हीसीआरवर, कुठल्या तारखेला, आणि वेग २४ चा केला की २५ चाच ठेवला.