मेडिकेशन एड आणि इन्सुलिन

मेडिकेशन एड म्हणजे जो नर्स नाही, पण ठराविक कोर्स आणि परीक्षा करून पेशंटला औषधं द्यायची परवानगी ज्याला मिळालीय असा मदतनीस. हे पद मुळात अमेरिकेतलं. तिथे म्हाताऱ्या माणसांसाठी नर्सिंग होम्स आणि असिस्टेड लिव्हिंगच्या इमारती असतात (आपल्या गल्लीतलं बाळंतपणाचं नर्सिंग होम डोक्यातून काढा, इथे लोक राहायलाच असतात), शिफ्टला नर्स एखादीच असते आणि गोळ्या घेणारे ढीगभर, त्यामुळे औषधांची ट्रॉली घेऊन खोल्याखोल्यांतून फिरायचं काम या एडकडे येतं. देशभर एकच नियम असा नाही, प्रत्येक राज्याचं वेगळं, नावंसुद्धा वेगळी: मिसुरीत सर्टिफाइड मेडिकेशन टेक्निशियन, इंडियानात क्वालिफाइड मेडिकेशन एड, कोलोरॅडोत क्यूमॅप (क्वालिफाइड मेडिकेशन अ‍ॅडमिनिस्ट्रेशन पर्सोनेल).

गोळ्या, सिरप, डोळ्यांचे थेंब चालतील पण इंजेक्शन नाही, असाच बऱ्याच राज्यांचा जुना कल. इन्सुलिन त्यातला अपवाद होत गेला, कारण सरळ आहे, ते काही लोकांना दिवसातून चारदा लागतं आणि चारही वेळा नर्स हजर असेलच असं नाही. वॉशिंग्टन राज्याने (सिएटलवालं, राजधानी नव्हे) २००८ मध्ये कायदा बदलून नर्सला हे काम नर्सिंग असिस्टंटवर सोपवायची मुभा दिली, पण त्या वेळी अटी कडक ठेवल्या. डायबिटीसचं वेगळं ट्रेनिंग हवं, पहिले चार आठवडे त्या रजिस्टर्ड नर्सने दर आठवड्याला निदान एकदा त्याचं काम बघायचं, नंतर निदान दर ९० दिवसांनी. आणि परवानगी त्या एका पेशंटपुरती, म्हणजे एका आजीला देता येतं म्हणून शेजारच्या आजोबांनाही टोचलं, असं चालत नाही. मिसुरीत इन्सुलिनसाठी वेगळा कोर्स करावा लागतो.

आता मुद्द्याचं. सुई टोचणं हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे, तासाभरात कुणालाही शिकवता येतो. घोळ होतो तो टोचायच्या आधीच्या पाच मिनिटांत: कुठली बाटली, कुठली सिरिंज, किती युनिट, पेशंट जेवणार आहे का, शुगर आत्ता किती आहे. अमेरिकेतली औषध-सुरक्षेवर काम करणारी आयएसएमपी ही संस्था इन्सुलिनला हाय-अलर्ट औषधांच्या यादीत धरते, म्हणजे चूक झाली तर नुकसान मोठं असं औषध. एक बीपीची गोळी जास्त गेली तर बहुतेक वेळा निभावून जातं, दहाऐवजी शंभर युनिट गेलं तर नाही निभावत. आणि हे दहाचे शंभर होणं खरंच व्हायचं, कारण डॉक्टर आकड्यापुढे इंग्रजी यू हे एकच अक्षर घाईत लिहायचे आणि वाचणाऱ्याला ते शून्य वाटायचं. म्हणून जॉइंट कमिशन या तिथल्या हॉस्पिटलं तपासणाऱ्या संस्थेने २००४ मध्ये ‘हे लिहायचंच नाही’ अशी यादी काढली त्यात हे अक्षर आहे, युनिट हा शब्द पूर्ण लिहायचा. आपल्याकडच्या प्रिस्क्रिप्शनवर अजूनही सर्रास १०यू दिसतं. दिसलं तर केमिस्टकडे अंदाज बांधत बसू नका, सरळ डॉक्टरला फोन करा.

सिरिंजचा विषय अमेरिकेपेक्षा भारतात जास्त गंभीर आहे. तिकडे नेहमीचं इन्सुलिन यू-१००, म्हणजे एका मिलीलिटरमध्ये १०० युनिट (यू-५०० पण असतं, पाचपट तीव्र, त्याला वेगळीच सिरिंज लागते). आपल्याकडे मात्र यू-४० (एका मिलीत ४० युनिट) आणि यू-१०० दोन्ही चालू आहेत. फ्रिजमधली १० मिलीची काचेची बाटली बहुतेक वेळा यू-४०, एकूण ४०० युनिट, आणि पेनमधलं ३ मिलीचं कार्ट्रिज यू-१००, एकूण ३०० युनिट. यू-४० च्या सिरिंजला लाल टोपी, यू-१०० च्या सिरिंजला केशरी. या टोप्या बदलल्या की खेळ संपला. यू-१०० चं इन्सुलिन लाल टोपीच्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत भरलं तर आत जातात ५० युनिट, अडीचपट. उलटं केलं, यू-४० ची बाटली आणि केशरी सिरिंज, तर २० च्या जागी जेमतेम ८ जातात आणि मग शुगर का उतरत नाही म्हणून डॉक्टर डोस वाढवतो, आणि पुढे कधीतरी बरोबर सिरिंज आली की तोच वाढलेला डोस पूर्ण जातो. सगळ्यात वाईट जुगाड म्हणजे पेन बिघडला म्हणून कार्ट्रिजच्या रबरात सिरिंज खुपसून इन्सुलिन ओढणं. घरात लाल टोपीची सिरिंज पडलेली असते, रात्र झालेली असते, दुकानं बंद, आणि ‘एवढ्यापुरतं चालतं’ असं कुणीतरी म्हणतं. नाही चालत.

नावांचाही गोंधळ आहेच. ह्युमलॉग आणि ह्युमुलिन, नोव्होरॅपिड आणि नोव्होमिक्स, बॉक्स हातात घेऊन मोठ्याने वाचल्याशिवाय फरक कळत नाही. मिक्स्टार्ड ३०/७० म्हणजे त्यात ३० टक्के पटकन काम करणारं आणि ७० टक्के हळू चालणारं, हे दुधासारखं गढूळ असतं, खाली बसतं, त्यामुळे द्यायच्या आधी दोन्ही तळहातांत धरून हळूच दहा वेळा लोळवायचं आणि दहा वेळा वर-खाली करायचं. जोरात हलवायचं नाही, फेस आला की डोस चुकतो. ग्लार्जिन हे लांब पल्ल्याचं इन्सुलिन मात्र स्वच्छ पाण्यासारखं असतं आणि ते दुसऱ्या कशातही मिसळत नाहीत. पाण्यासारखं असायला हवं ते गढूळ दिसलं, किंवा गढूळ असायला हवं ते लोळवूनही गुठळ्या राहिल्या, तर बाटली बाजूला.

एडने डोस ठरवायचा नसतो, हा या पदाचा पायाच म्हणायला हवा. तो लिहिलेल्या ऑर्डरप्रमाणे देतो, शंका आली की थांबतो, नर्सला कळवतो. ‘आज शुगर १०० च आली, रात्रीचं ग्लार्जिन राहू दे’ हा निर्णय त्याचा नाही. ऐकायला शहाणपणाचा वाटतो पण टाइप वन डायबिटीसवाल्या (ज्याचं शरीर स्वतः इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही अशा) पेशंटचं लांब पल्ल्याचं इन्सुलिन असं बंद केलं तर रक्तात कीटोन नावाची आम्लं वाढून दिवसभरात आयसीयू गाठायची वेळ येऊ शकते. स्लायडिंग स्केल म्हणून एक पद्धत आहे, शुगर एवढी आली तर एवढे युनिट असा तक्ता, एडना तो वापरायला सोपा जातो आणि म्हणूनच तो बराच वापरला गेला. पण म्हाताऱ्या लोकांसाठी नुसत्या तक्त्यावर इन्सुलिन देऊ नका असं अमेरिकन जेरियाट्रिक्स सोसायटीच्या बिअर्स यादीत (म्हाताऱ्यांना शक्यतो टाळायच्या औषधांची यादी) सांगितलंय, कारण तुम्ही सतत वाढलेल्या शुगरच्या मागे धावत राहता, आधी काही करत नाही, आणि त्यात कधीतरी शुगर धाडकन खाली जाते.

जेवणाशी गाठ ही दुसरी मोठी गोष्ट. लिस्प्रो, अस्पार्टसारखं रॅपिड इन्सुलिन १०-१५ मिनिटांत कामाला लागतं, म्हणून ताट समोर आल्यावरच द्यायचं, ट्रे किचनमधून निघाला एवढ्यावर नाही. रेग्युलर इन्सुलिन आणि मिक्स्टार्ड जेवणाआधी अर्धा तास. अमेरिकेतल्या एडच्या ट्रेनिंगमध्ये ट्रे उशिरा येणं, पेशंट उलटी करणं, झोपलेला असणं हे सगळं येतं, आपल्याकडे त्यात संकष्टी धरायला हवी. आजी सकाळी नेहमीचं इन्सुलिन घेतात, दिवसभर दोन केळी आणि चहा, चंद्रोदय रात्री नऊच्या पुढे, आणि संध्याकाळी सहाला त्यांना दरदरून घाम फुटतो. किंवा एकादशीला उलटं, साबुदाण्याची खिचडी, वर बटाट्याचा कीस, शुगर तीनशेच्या पार. उपवास सोडा असं सांगून कुणी ऐकत नाही, त्यापेक्षा पंचांग बघून डॉक्टरला आधीच विचारून त्या दिवसाचा डोस लिहून घेतलेला बरा.

शुगर तपासणंही वाटतं तितकं साधं नाही. आंबा सोलून हात न धुता बोट टोचलं तर बोटावरच्या रसाची शुगर मीटर दाखवतो आणि त्या खोट्या आकड्यावर इन्सुलिन दिलं जातं. साबणाने हात धुवायचे, कोरडे करायचे, बोटाच्या टोकावर नाही तर कडेला टोचायचं, स्ट्रिपची एक्स्पायरी बघायची, डबी उघडी ठेवायची नाही.

याच तपासणीतून झालेली एक वाईट घटना मेडिकेशन एडच्या विषयात नेहमी सांगितली जाते. २०१० मध्ये नॉर्थ कॅरोलिनातल्या एका असिस्टेड लिव्हिंगमध्ये आठ जणांना हेपॅटायटिस बी झाला आणि त्यातले सहा दगावले. आठही जणांची शुगर स्टाफ तपासून द्यायचा. बोट टोचायचं पेनसारखं यंत्र एकापेक्षा जास्त लोकांना वापरलं जात होतं, मीटरही नीट न पुसता पुढच्याला. सुई बदलली तरी रक्ताचा न दिसणारा अंश यंत्राच्या तोंडाशी राहतो आणि हा व्हायरस बाहेर कमीत कमी सात दिवस जिवंत राहू शकतो. इन्सुलिन पेनचंही तसंच आहे, टोचताना रक्त उलटं कार्ट्रिजमध्ये येऊ शकतं, म्हणून नवीन सुई लावून तोच पेन दुसऱ्याला देणं म्हणजे वापरलेली सिरिंज देण्यासारखंच. टेक्ससमधल्या एका लष्करी हॉस्पिटलात असे पेन वापरल्याचं २००९ मध्ये उघड झालं आणि २,००० हून जास्त पेशंटना तपासणीसाठी बोलवावं लागलं. त्याच वर्षी एफडीए या अमेरिकेच्या सरकारी औषध-नियामक संस्थेने इशारा दिला, आणि २०१५ मध्ये ‘फक्त एका पेशंटसाठी’ असं प्रत्येक पेनवर छापायला लावलं. घरात नवरा-बायको दोघांनाही शुगर असली की एकच पेन चालवणारी जोडपी आपल्याकडे खूप आहेत. दोन पेन घ्या, नावाची चिठ्ठी चिकटवा.

टोचायची पद्धत थोडक्यात. पोट, मांडीचा बाहेरचा भाग, दंडाची मागची बाजू, नाहीतर कुल्ले. बेंबीपासून दोन इंच लांब. रोज त्याच ठिपक्यावर टोचलं की तिथे चरबीची मऊ गाठ येते, गंमत म्हणजे तिथे दुखत नाही म्हणून पेशंटच ‘इथेच द्या’ म्हणतो, पण त्या गाठीतून इन्सुलिन कधी शोषलं जातं कधी नाही, त्यामुळे जागा बोटभर सरकवत राहायची आणि महिन्यातून एकदा बोटांनी चाचपून बघायचं. पेनला नवीन सुई लावली की आधी दोन युनिट हवेत उडवायचे, थेंब दिसला तरच पुढे. चार मिलिमीटरची सुई सरळ ९० अंशात, बटण पूर्ण दाबून दहापर्यंत मोजायचं आणि मग काढायची.

शुगर कमी होणं ओळखणं हे एडचं खरं कौशल्य आहे, निदान माझ्या मते तरी. ७० च्या खाली कमी, ५४ च्या खाली धोक्याची. घाम, थरथर, भूक, धडधड ही पुस्तकातली लक्षणं, पण वय झालेल्या माणसात नुसती चिडचिड, बरळणं, शून्यात बघत बसणं एवढंच दिसतं आणि घरचे म्हणतात वयामुळे असेल. बीपीसाठी बीटा ब्लॉकर चालू असेल तर थरथर-धडधड दबून जाते, घाम तेवढा राहतो. शुद्धीवर असेल तर १५ ग्रॅम साखर लगेच, म्हणजे तीन-चार चमचे साखर पाण्यातून किंवा अर्धा कप ज्यूस, १५ मिनिटांनी परत तपासायचं, तरी कमीच असेल तर परत तेवढंच. पेढा किंवा चॉकलेट नको, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर उशिरा चढते. आणि आपल्याकडे बऱ्याच लोकांना डायबिटीससाठी व्होग्लिबोजची गोळी चालू असते, ती साध्या साखरेचं पचन अडवते, अशा माणसाला साखर देऊन लवकर फरक पडत नाही, ग्लुकोज पावडरच लागते. ही एक गोष्ट फ्रिजच्या दारावर लिहून ठेवण्यासारखी आहे. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, कुशीवर वळवायचं, ग्लुकॅगॉन (शुगर वर आणणारं औषध) असेल आणि शिकलेलं असेल तर द्यायचं (नाकात मारायचं ग्लुकॅगॉन अमेरिकेत २०१९ मध्ये आलं, त्याने हे काम फार सोपं झालं), नसेल तर सरळ १०८.

महाराष्ट्रात मेडिकेशन एड असं कायद्याने ठरवलेलं वेगळं पद नाही. जनरल ड्यूटी असिस्टंट, होम हेल्थ एड असे स्किल कोर्सेस आहेत, पण पुण्या-मुंबईत प्रत्यक्षात घरी येतात त्या ब्युरोच्या मावशी, १२ किंवा २४ तासांच्या ड्यूटीवर, आणि त्यांतल्या कित्येकींचं ट्रेनिंग म्हणजे आधीच्या घरात बघून शिकलेलं. मुलगा न्यू जर्सीत, आई कोथरूडला, इन्सुलिन मावशींच्या हातात, ही आता नेहमीची स्थिती आहे. मावशी मनापासून करतात यात शंका नाही, पण ‘शुगर किती आली तर मला फोन करायचा’ हे त्यांना कुणी आकड्यात सांगितलेलं नसतं. एका वहीत तारीख, वेळ, शुगर, कुठलं इन्सुलिन, किती युनिट, कुठे टोचलं, जेवल्या का, आणि सही, एवढे रकाने आखून द्यावेत. ड्यूटी बदलताना वही दुसऱ्या मावशीला दाखवायची, नाहीतर एकीने सातला दिलेलं दुसरी साडेसातला परत देते. डोस बदलला की डॉक्टरचा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज वाचून दाखवणं पुरत नाही, वहीत नवीन आकडा मोठा लिहून जुना खोडायचा.

साठवण: न उघडलेलं २ ते ८ अंशांत, फ्रिजच्या दारात चालेल, फ्रीजरजवळ नाही, एकदा गोठलं की फेकायचं. वापरात असलेलं साधारण २८ दिवस बाहेर चालतं पण खोलीचं तापमान ३० च्या आत हवं, आणि मे महिन्यात नागपुरात किंवा चंद्रपुरात ते कुठून आणणार, म्हणून फ्रिज नसेल तर माठाजवळ ओल्या फडक्यात, पण बाटली पाण्यात न बुडवता, प्लास्टिकच्या डबीत घालून. उघडलेल्या दिवशी बाटलीवर तारीख लिहायची. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत साठवून झाकण घट्ट लावायचं आणि वर ‘सुया’ लिहायचं, ओल्या-सुक्या कचऱ्यात मोकळ्या टाकल्या तर घंटागाडीवरच्या माणसाच्या हातात घुसतात, त्यामुळे भरलेली बाटली जवळच्या दवाखान्यात घेतात का ते विचारून तिथे द्यायची.