आनुवंशिक समतोल आणि गुलाबी बोंडअळी

आनुवंशिक समतोल : मोठ्या समष्टीत नर-मादींच्या जोड्या यदृच्छेने जुळत असतील आणि निवड, उत्परिवर्तन, स्थलांतर वा यादृच्छिक विचलन (निव्वळ योगायोगाने होणारा बदल) नसेल, तर एखाद्या जनुकाच्या पर्यायी रूपांची (युग्मविकल्पींची) वारंवारता पिढ्यान्‌पिढ्या तीच राहते. दोन रूपांचे प्रमाण प व क धरल्यास पहिल्या रूपाचे समयुग्मी (दोन्ही प्रती सारख्या), विषमयुग्मी (दोन्ही रूपांची एकेक प्रत) व दुसऱ्या रूपाचे समयुग्मी जीव प² : २पक : क² या प्रमाणात मिळतात. हे गणित १९०८ मध्ये इंग्रज गणिती जी. एच. हार्डी आणि श्टुटगार्टचे वैद्य व्हिल्हेल्म वाइनबर्ग यांनी स्वतंत्रपणे मांडले. वाइनबर्ग यांचे व्याख्यान हार्डींच्या लेखाच्या काही महिने आधीचे. तरी बराच काळ श्रेय हार्डींनाच मिळत राहिले.

शेतात हा समतोल क्वचितच टिकतो. तो कुठे आणि किती ढळला हे मोजायलाच त्याचा उपयोग. विदर्भात याचे ठळक उदाहरण बीटी कपाशीवरील (जिवाणूच्या जनुकामुळे झाडातच अळीनाशक विष तयार करणाऱ्या कपाशीवरील) गुलाबी (शेंदरी) बोंडअळीचे आहे. बीटी विषाला प्रतिकार देणारे तिचे जनुकरूप सहसा अप्रभावी असते, म्हणजे दोन्ही प्रती त्याच रूपाच्या असल्या तरच पूर्ण प्रतिकार मिळतो. त्याची वारंवारता ०.००१ असेल तर पूर्ण प्रतिकारक अळी दहा लाखांत एक, पण ते रूप एकेरी बाळगणारी सुमारे पाचशेत एक असते. म्हणून सुरुवातीला शेतात काही दिसत नाही.

आश्रय-ओळींची (रेफ्युजी) कल्पना यावरच उभी आहे. ४५० ग्रॅम बीटी बियाण्यासोबत १२० ग्रॅम बिगर-बीटी बी देऊन, ते कडेच्या पाच ओळींत किंवा क्षेत्राच्या २० टक्क्यांवर, यांपैकी जे जास्त भरेल तेवढे, पेरायचे असा नियम होता. वाचलेल्या थोड्या प्रतिकारक पतंगांची जोडी आश्रयातील संवेदनक्षम पतंगांशी जुळावी आणि संततीतील विषमयुग्मी अळ्या बीटीवर मराव्यात, हा हेतू. त्या सर्व मेल्या तर २० टक्के आश्रयात ०.००१ ही वारंवारता एका पिढीत फक्त ०.००१००४ होते. त्यांपैकी १० टक्के वाचल्या तर मात्र ती दर पिढीला सुमारे १.४ पट होते, आणि दहा पिढ्यांत जवळपास तीसपट.

आश्रय अनेकदा पेरलाच गेला नाही. पेरला तरी बीटीबरोबर फुलला नाही तर पतंगांची गाठ पडत नाही. तूरही येथे कामाची नाही: अमेरिकन बोंडअळी तुरीवर जगते, गुलाबी बोंडअळी मुख्यतः कपाशीवरच.

प्रतिकार इतक्या लवकर का आला याबद्दल एकमत नाही. काही अभ्यासक आश्रयाच्या अभावाला मुख्य दोष देतात. प्रस्तुत नोंदीला संकरित बियाण्याचे कारण अधिक वजनदार वाटते. भारतात बहुतेक बीटी कपाशी पहिल्या पिढीचा संकर असल्याने विषाचे जनुक झाडात एकेरी असते. पानांत विष असते, पण बोंडातील बियांत जनुक विभागले जाऊन चारातले एक बी विषमुक्त निघते (दोन जनुके स्वतंत्रपणे विभागली गेल्यास सोळातले एक). बी खाणारी अळी एका बोंडात कमी-अधिक विष चाखते, आणि विषमयुग्मी अळ्यांना वाचण्याची संधी मिळते. चीनच्या यांगत्से खोऱ्यातील शेतांत बीटी व बिगर-बीटी रोपे मिसळलेली होती. तेथे अख्खी झाडेच विषमुक्त असल्याने ती आश्रय ठरली आणि प्रतिकार उलट घटला.

क्राय१एसी या पहिल्या बीटी वाणांतील विषाला प्रतिकाराचे पुरावे गुजरातेत २००८ च्या सुमारास मिळाले व २०१० मध्ये जाहीर झाले; दोन विषांच्या वाणांवर अळी टिकते हे २०१४ नंतर स्पष्ट होत गेले. २०१७ च्या खरिपात यवतमाळसह विदर्भात तिने मोठे नुकसान केले.

फरदड (वेचणी संपल्यावरही पुढे राखलेले कपाशीचे पीक) ठेवल्याने निवडीचा दाब लांबतो. डिसेंबरनंतर पऱ्हाटी उभी राहिली की अळीच्या आणखी पिढ्या निघतात, त्याही विष ओसरलेल्या झाडांवर. सुप्त अळ्या एकमेकांना चिकटलेल्या बियांत व रचलेल्या पऱ्हाटीत पुढच्या हंगामापर्यंत राहतात. म्हणून जानेवारीअखेर शेत मोकळे करणे, डोमकळ्या (आत अळी असलेली, न उमललेली फुले) वेचून नष्ट करणे आणि कामगंध सापळ्यांत (मादीच्या गंधाने नर पतंग ओढणाऱ्या सापळ्यांत) सलग तीन दिवस रोज आठ पतंग सापडल्यास फवारणीचा निर्णय घेणे, असे सांगितले जाते. हे उपाय अळ्यांची संख्या घटवतात. प्रतिकारक रूपाची वारंवारता मात्र संवेदनक्षम पतंग उरल्याशिवाय खाली येत नाही.