200 केबीसाठी आधार कार्ड कुणाच्या हाती देतोय?

ॲडमिशनचा हंगाम सुरू झाला की कोल्हापुरात राजारामपुरीतल्या, विद्यापीठाच्या आसपासच्या झेरॉक्स सेंटरांत पाय ठेवायला जागा नसते. आधार, मार्कशीट, जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला, सगळं स्कॅन होतं आणि घोडं अडतं ते शेवटी: फाइल 200 केबीपेक्षा मोठी! मग पोरं पीडीएफ लहान करून देणारी जी फुकट साइट आधी दिसेल तिच्यावर सगळी कागदपत्रं चढवतात. मिनिटात काम फत्ते.

त्या मिनिटात बहुतेक वेळा फाइल कुठल्या तरी अनोळखी सर्व्हरवर जाते, तिथं लहान होते आणि परत येते. मूळ प्रत तिथंच राहू शकते. ‘तासाभरात पुसतो’ असं साइटवर लिहिलेलं असतं, पण खरंच पुसली का, हे बघायची सोय आपल्याकडे नाही. मार्च 2025 मध्ये अमेरिकेच्या एफबीआयनं अशाच फुकट फाइल-कन्व्हर्टरबद्दल इशारा दिला होता. काही साइट फाइलमधली जन्मतारीख, बँकेचे तपशील, पासवर्ड उपसून घेतात आणि परत देताना सोबत व्हायरसही पाठवतात.

‘आम्ही नाव काढून माहिती वापरतो,’ असं काही सेवा सांगतात. तेवढ्यावर विसंबू नये. लतान्या स्वीनी या संशोधिकेनं 2000 साली दाखवून दिलं की जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड एवढ्या तीनच गोष्टींवरून अमेरिकेतली सुमारे 87 टक्के माणसं एकमेवपणे ओळखता येऊ शकतात. आपल्याकडे एकेका पिनकोडात माणसं खच्चून भरलेली, त्यामुळे तो आकडा इथं जसाच्या तसा लागू नाही. पण आधारवर या तिन्ही गोष्टी छापलेल्या असतात, वर नाव आणि फोटोही! पासवर्ड फुटला तर बदलता येतो, जन्मतारीख कशी बदलणार?

आणि हे सगळं टाळता येण्यासारखं आहे, याचंच जास्त वाईट वाटतं. ए-फोर कागद 300 डीपीआयवर (म्हणजे एका इंचात 300 ठिपके) स्कॅन केला की साधारण 87 लाख ठिपक्यांचं चित्र तयार होतं. 150 डीपीआय ठेवलं की लांबी-रुंदी दोन्हीकडचे ठिपके निम्मे होतात, म्हणजे एकूण ठिपके चौथ्या हिश्शावर येतात. फाइलही तशीच उतरते आणि अक्षरं वाचता येतात. स्कॅन करतानाच सेंटरवाल्या दादांना ‘दीडशेवर ठेवा’ म्हणायचं, बस्स.

साइटच वापरायची असेल तर ती उघडून आधी नेट बंद करा, मग फाइल टाका. काम झालं तर ते तुमच्याच मशीनवर झालं. टॅब बंद करूनच नेट चालू करा. अडलं, तर ती साइट फाइल बाहेर पाठवणारी आहे असं समजा.

जिथं पूर्ण नंबर लागत नाही, तिथं मास्क्ड आधार द्या. आधार देणाऱ्या यूआयडीएआय या सरकारी संस्थेच्या साइटवरून ते फुकट उतरवता येतं आणि त्यावर नंबरचे शेवटचे चारच आकडे दिसतात. अंबाबाईच्या दर्शनाला येणारे पाहुणे महाद्वार रोडच्या लॉजवाल्याला व्हॉट्सॲपवर आधार पाठवतात, त्यांनाही हे आवर्जून सांगा.