बंदीच्या दिवसांतला पांडू

1 जूनला यांत्रिक होड्यांची मासेमारी पावसाळ्यापुरती बंद होते आणि आमच्या वेंगुर्ल्याच्या घरी एक संप सुरू होतो. पांडू हा आमचा दहा किलोचा गावठी कुत्रा. जर्मनच्या ताटलीतल्या गार भाताला तो नाक लावतो, आईकडे बघतो आणि पडवीत जाऊन आडवा होतो. आई म्हणते, "ह्येका बांगडोच होयो. सुको भात कोण खायत?" तासाभराने चहा होतो आणि संपकऱ्याला बिस्किटं मिळतात.

नखरे वाटतात, पण त्यातला बराचसा भाग नाकाचा आहे. आपल्या जिभेवर साधारण 9,000 रुचिकलिका असतात, कुत्र्याच्या जिभेवर 1,700 च्या आसपास. वासाच्या पेशींचं गणित मात्र उलटं. आपल्याकडे पन्नास-साठ लाख, त्याच्याकडे 20 कोटींच्याही वर. चव कळायच्या आधीच नाकाने निकाल दिलेला असतो. बांगडा थोडा शिळा झाला की जिवाणू त्यातल्या एका पदार्थापासून ट्रायमिथाइलअमाइन तयार करतात. हे हलके रेणू हवेत सहज उडतात, म्हणून मासळीबाजार दुरूनच कळतो. गार भातातून असं फारसं काही उडत नाही. तोच भात कोमट करून त्यावर चिकनचं बिनमिठाचं पाणी घातलं, तर नाक आपोआप ताटलीकडे वळतं.

उरलेला भाग आपला. दहा किलोच्या कुत्र्याला स्वस्थ पडून राहायलाच दिवसाला सुमारे 400 कॅलरी लागतात, हिंडत्या-फिरत्याला साधारण 600. चहातल्या छोट्या बिस्किटात 25 च्या आसपास कॅलरी असतात. सहा बिस्किटं म्हणजे दिवसाचा चौथा हिस्सा पोटात गेला, वर 'भात टाकला की गोड मिळतं' हा धडाही पक्का झाला. कुत्र्यांना गोड चव कळते, त्यामुळे हा धडा त्यांना फार लवकर येतो. वरचं खाणं दिवसाच्या दहा टक्क्यांत ठेवावं. ताटली वीस मिनिटं ठेवायची आणि नाही खाल्लं तर मुकाट्याने उचलायची. पांडू तिसऱ्या संध्याकाळी शितं चाटूनपुसून गेला. आईला मात्र त्या तीन दिवसांत माझ्याशी बोलवत नव्हतं.

'भात कुत्र्याचं अन्नच नव्हे' असं मुंबईचे पाहुणे सांगतात. लांडग्याच्या बाबतीत ते पटण्यासारखं आहे. पिष्ट पचवणाऱ्या एन्झाइमच्या जनुकाच्या लांडग्यात सहसा दोनच प्रती असतात. कुत्र्यांत त्या 4 ते 30 सापडल्या, हे संशोधन 2013 सालचं. माणसाच्या उष्ट्यावर हजारो वर्षं काढल्याची ती खूण. पण नुसत्या भाताने प्रथिनं कमी पडतात आणि कॅल्शियमही. बंदीत आम्ही उकडलेलं अंडं किंवा बिनहाडाचं चिकन कुस्करून घालतो, सोबत थोडा लाल भोपळा. कॅल्शियम किती द्यायचं, हे पशुवैद्यांना विचारून ठरवलं. नवा पदार्थ आठवडाभरात हळूहळू वाढवायचा, नाहीतर अंगण धुवावं लागतं.

आमटीतला भात मात्र कधीच नाही. कांदा-लसणातल्या गंधकयुक्त द्रव्यांनी कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात, आणि शिजवल्याने ती द्रव्यं जात नाहीत. किलोमागे 15 ते 30 ग्रॅम कांद्याने रक्तात बदल दिसतो. पांडूच्या मापाने ते दोन मध्यम कांदे. खारवलेली सुकी मासळी मिठामुळे नको. कोंबडीची शिजलेली हाडं टोकदार फुटतात, तीही नकोत. ताजा मासा मिळालाच तर काटे काढून, शिजवून द्यावा, कारण काही कच्च्या माशांतलं एन्झाइम बी-1 जीवनसत्त्व नष्ट करतं आणि ते आचेने निकामी होतं. केंड या फुगणाऱ्या माशाचं विष मात्र आचेला दाद देत नाही. किनाऱ्यावरून जाळं ओढणारे रापणीवाले तो वाळूत फेकून देतात, म्हणून किनाऱ्यावर पांडूला साखळी.

आणि प्रत्येक उपाशी कुत्रा नखरे करत नसतो. पावसाळ्यात कानामागे, बोटांच्या बेचक्यात गोचीड बघा. हिरड्या पांढुरक्या, अंग तापलेलं आणि कालपर्यंत आवडणारं चिकनही नको झालं, तर वीस मिनिटांचा नियम बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

31 जुलैला बंदी संपते, होड्या सुटतात. पण त्याच्या आगेमागेच आमच्या घरी श्रावण लागतो. मग पांडूचं अंडं मागच्या दारच्या चुलीवर उकडायचं, तेही आईच्या पातेल्यात नाही.